दक्षिण मराठा मुलुखातले उंदीर

बेळगाव-निपाणीकडे उंदीर दोनच: उसातला आणि माळ्यावरचा. औषध दोघांनाही एकच. शास्त्रज्ञांनीही बराच काळ यापलीकडे फार बारकाई केली नव्हती.

इथल्या उंदरांची पहिली नीट नोंद वॉल्टर इलियटची. हा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याचा सहायक. 1824 मध्ये कित्तूरला थॅकरे मारला गेला, तेव्हा राणी चन्नम्माच्या लोकांनी ओलीस धरलेल्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांतला एक. 1839 मध्ये त्याने ‘दक्षिण मराठा मुलुखा’तल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्याआधीच, 1837 मध्ये, जॉन ग्रेने या मुलुखातल्या चिमुकल्या शेतउंदराचं ‘बुडुगा’ असं नामकरण केलं होतं. निवाडा सगळा रंग, शेपटी आणि दातांवरून. 1968 मध्ये मॅथे आणि पेटर यांनी या गटातल्या उंदरांची गुणसूत्रं तपासली, तर एका उंदरात दोन प्रजाती निघाल्या!

घरउंदराचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 पासून सस्तन प्राण्यांची पाहणी केली. त्यात जमलेली कातडी आणि कवट्या लंडनमध्ये मार्टिन हिंटनने तपासल्या आणि 1918 मध्ये कोयना खोऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या रानउंदराला साताऱ्याचं नाव देऊन घरउंदराची उपप्रजाती ठरवलं. 1973 मध्ये लखोटिया आणि सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतात 38 आणि 42 गुणसूत्रांचे ‘घरउंदीर’ एकत्र नांदताना दाखवले. 38 वाल्यांत चार जोड्या जुळून दोन झालेल्या असतात. अखेर 2011 मध्ये मारी पाजेस आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांच्या जोडीला डीएनए आणि शरीराची मापं तपासली. 38 वाला घरउंदीर आणि 42 वाला सातारी रानउंदीर एकाच परिसरात राहूनही वेगळे निघाले. उपप्रजातीची प्रजाती झाली, हिंटननंतर 93 वर्षांनी.

हा रानउंदीर झाडावर वावरतो, सातारा, कोडगू आणि निलगिरीतून माहीत आहे, आणि जागतिक लाल यादीत असुरक्षित गणला जातो. घरउंदराच्या नशिबी असलेलं विष त्याच्या वाट्याला येऊ नये.

सातारा आणि कोडगूच्या दरम्यान खानापूर-भीमगडची रानं येतात, म्हणजे तिथेही तो असू शकतो. तिथे पुढची पाहणी करणाऱ्यांनी मोजपट्टीवर न थांबता डीएनएसाठी ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये जरूर ठेवावा. आणि रानालगतच्या शेतकऱ्यांनी विषाचं आमिष बांधाच्या आतच ठेवावं.