कंबरदुखीची गोळी, ती रोज घेणारे बाबा आणि डॉक्टरांशी न झालेलं बोलणं

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून घेतलंय.)

आजचा विषय नाजूक आहे, पण आपल्या घरातलाच आहे.

मालवण, देवबाग, वेंगुर्ला, कुठल्याही वाडीत जा. रापण ओढून, माडावर चढून, चिरेखाणीत राबून कंबर धरलेला माणूस सापडणारच. मग गणपतीला आलेला चाकरमानी खिशातली पट्टी काढतो, "माका ह्या गोळीन बरा वाटला" म्हणतो आणि गोळी सुरू होते. दोन वर्षांनीही ती चालूच असते, आणि नवीन डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो.

ही गोळी नेमकी कसली?

बऱ्याचदा ती ट्रामाडॉल असते. हे ओपिऑइड गटातलं औषध. मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन हे त्याचेच भाऊबंद. ही औषधं मेंदू आणि मज्जारज्जूत दुखण्याचा संदेश दाबतात. दुखण्याचं मूळ कारण मात्र जिथल्या तिथेच राहतं.

पट्टी हातात घेऊन बघा. लाल चौकटीतला इशारा आणि 'एनआरएक्स' असं दिसेल. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. दुकानदाराने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वहीत लिहून ती नोंद 3 वर्षं ठेवायची असते. 2018 पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखालीही आलं. आणखी एक गोष्ट: 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार या कायद्यातली औषधं व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे ओरोसला जा नाहीतर बांबोळीला, डॉक्टरांसमोर बसावंच लागतं.

मग ही औषधं वाईटच का?

अजिबात नाही. कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फीनला तोड नाही. आपल्याकडे 1985 च्या कायद्यामुळे परवान्यांची एवढी गुंतागुंत झाली, की देशात अफूचं सरकारी पीक असूनही रुग्ण तळमळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2014 मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी झाली. त्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाला "सवय लागेल" म्हणून मॉर्फीन नाकारू नका.

कंबरदुखी, गुडघेदुखी ही वेगळी गोष्ट. अमेरिकेत 240 रुग्णांना वर्षभर तपासलं गेलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष आला: अशा दुखण्यात ओपिऑइड घेणाऱ्यांचं रोजचं चलनवलन साध्या औषधांपेक्षा सुधारलं नाही. दुष्परिणाम मात्र जास्त झाले.

सवय आणि व्यसन यात फरक आहे

हा मुद्दा नीट ऐका. रोज गोळी घेतली की शरीर तिला सरावतं. अचानक बंद केली तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी, झोप उडणं हे होतं. हे शरीराचं अवलंबन. ते कुणालाही होऊ शकतं, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही गोळीची ओढ न आवरणं. बाबांना गोळीशिवाय त्रास होतो म्हणून त्यांना लगेच "नशेडी" ठरवू नका. अशा शब्दाने माणूस गप्प होतो आणि लपवायला लागतो.

खरी गोष्ट विश्वासाची

अमेरिकेने दोन्ही टोकं पाहिली. 1996 नंतर ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या, लोक व्यसनात अडकले, मेले. मग भीतीने काही डॉक्टरांनी जुन्या रुग्णांच्या गोळ्या एकदम तोडल्या. त्यातही माणसं उद्ध्वस्त झाली. म्हणून तिथल्या 2022 च्या सूचना सांगतात: वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्याचा डोस महिन्याला साधारण 10 टक्के, किंवा त्याहून हळू कमी करा, आणि रुग्णाला सोबत घेऊन.

रुग्णाला वाटतं, "खरं सांगितलं तर गोळी बंद होईल." डॉक्टरला वाटतं, "हा फक्त गोळीसाठी आलाय." या दोन भीतींच्या मध्ये दुखणं तसंच राहतं.

मग काय करायचं?

- सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. मुंबईहून आलेल्याही.
- "दुखतं" एवढंच सांगू नका. "होडीत चढता येत नाही", "रात्री दोनदा जाग येते" असं सांगा. उपचाराचं मोजमाप तेच.
- एकच डॉक्टर, एकच औषधाचं दुकान ठेवा.
- विचारा: ही गोळी किती दिवस? उपयोग नाही झाला तर कशी थांबवायची? व्यायाम, फिजिओथेरपीचं काय?
- दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत कधीच नाही, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. फिट येत असतील किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर आधी सांगा.
- बद्धकोष्ठ होतोच, लाजू नका, त्यावरही औषध मागा.
- स्वतःहून अचानक बंद करू नका.

पुढच्या वेळी बाबांना दवाखान्यात नेताना बाहेर मोबाईल बघत बसू नका. आत जा. ते म्हणतील, "डाक्टरांक सांगू नको हां!" तेव्हा आधी त्यांचं ऐकून घ्या, मग त्यांनाच सांगायला लावा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात!