डोक्याला मार, डोळ्याला मार आणि केसपेपरची साक्ष

डोक्याला किंवा डोळ्याला मार बसल्याचं प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात किंवा ग्राहक आयोगात गेलं, की अनेकदा रुग्णालयाचे कागद तज्ज्ञ डॉक्टरकडे तपासायला जातात. तो नेमकं काय बघतो, याबद्दल पक्षकारांचे बरेच गैरसमज असतात.

गैरसमज : डिस्चार्ज कार्ड आणि बिलं असली की भागतं.
वस्तुस्थिती : डिस्चार्ज कार्ड हा मागाहून लिहिलेला सारांश. खरी हकिकत आतल्या केसपेपरात आणि नर्सिंग चार्टवर असते. समजा, रात्री दोन वाजता सिस्टरनं लिहिलंय, ‘उजवी बाहुली मोठी’. मेंदूवरचा दाब वाढून नस चेपली असेल, डोळ्यालाच थेट मार लागला असेल किंवा नेत्रतज्ज्ञानं तपासणीसाठी थेंब टाकले असतील. म्हणून त्याच वेळची शुद्धीची पातळी, औषधांचा तक्ता आणि पुढच्या स्कॅनची वेळ शेजारी ठेवून पाहावी लागते. शुद्ध हरपत चालली होती आणि स्कॅन थेट सकाळी झाला, तर मधल्या तासांत डॉक्टरांना कुणी कळवलं, हा प्रश्न उभा राहतो. पण रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता आणि थेंबांची नोंदही सापडली, तर हलगर्जीचा आरोप ढिला पडतो.

गैरसमज : ग्लासगो स्केलवर 15 पैकी 15 आणि सीटी नॉर्मल, म्हणजे मेंदूला काही झालं नाही.
वस्तुस्थिती : 1974 मध्ये आलेलं हे मोजमाप त्या घडीची शुद्ध सांगतं, स्मरणशक्ती किंवा चिडचिड मोजत नाही. मेंदूतल्या तंतूंची बारीक इजा सीटीत सुटू शकते. वयस्कांमध्ये कवटीखाली हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनीही सुरू होतो. मात्र नंतरची प्रत्येक डोकेदुखी अपघाताचीच असते असंही नाही. म्हणून अपघाताआधीचे कागदही मागवतात.

गैरसमज : तक्त्यावर 6/6 वाचलं, म्हणजे नजर शाबूत.
वस्तुस्थिती : मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली तर समोरची अक्षरं स्पष्ट दिसूनही दोन्ही डोळ्यांची एकच बाजू आंधळी होऊ शकते. तिकडून येणारी दुचाकी दिसतच नाही. हे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत कळतं. दृष्टीच्या नसेला मार लागला, तर सुरुवातीला डोळ्याच्या आत सगळं ठीक दिसतं; नसेचा फिकेपणा काही आठवड्यांनी येतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचा ‘नॉर्मल’ शेरा शेवटचा धरत नाहीत.

गैरसमज : अपंगत्वाचा टक्का तोच भरपाईचा टक्का.
वस्तुस्थिती : कामगारांच्या भरपाईच्या 1923 च्या कायद्यातल्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एकाची दृष्टी गेली तर 30 टक्के धरले होते. मोटार अपघातात मात्र सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान वेगवेगळं पाहावं. तेवढ्याच इजेनं ट्रकचालकाची रोजीरोटी बुडते, कारकुनाची कदाचित टिकते.

गैरसमज : तज्ज्ञानं आपल्या बाजूनं लिहिलं, की केस जिंकली.
वस्तुस्थिती : तज्ज्ञाचं मत न्यायालयावर बंधनकारक नसतं, कारणं पटली तरच वजन पडतं. आपल्याच पक्षकाराला अडचणीची नोंद त्यानं झाकली, तर ती उलटतपासणीत बाहेर येते.

म्हणून पहिलं काम तज्ज्ञ गाठण्याचं नाही, नोंदी मिळवण्याचं आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि त्या जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि स्कॅनच्या रिपोर्टसोबत मूळ चित्रांची सीडीही मागा.