ठिणगीची वेळ

जुनी मोटार पाहावयास गर्दी होते; तिचे इंजिन ऐकावयास मात्र थोडेच थांबतात. २०२३ च्या जानेवारीत येथील लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या थाटाकडे पाहताना मनात आले की, ह्या झगमगाटामागे एक विद्या आहे आणि ती जाणणारे हात विरळ होत चालले आहेत. इंजिनात ठिणगी वेळेवर पाडण्याची ही विद्या. मिस्त्री लोक तिला ‘टायमिंग लावणे’ म्हणतात.

पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण नळकांड्यात दाबले गेले की प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पण हे मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत पसरावयास सेकंदाचे काही हजारांश लागतात. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर चार नळकांड्यांत मिळून सेकंदाला ६० ठिणग्या पडतात आणि एका हजारांश सेकंदात मुख्य दांडा जवळजवळ ११ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधीच ठिणगी पडावी लागते. गाण्याच्या बैठकींत वाढलेल्या बडोदेकरांस हे पटवावे लागणार नाही; समेवर यावयाचे तर उठाव आधीच घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल फोर्डची ‘मॉडेल ए’ घेऊ. ही गाडी १९२७ च्या अखेरीस बाजारात आली आणि चारपाच वर्षांत ४५ लाखांहून अधिक निघाल्या. इंजिन ३.३ लिटरचे, शक्ती ४० अश्वांची, बॅटरी ६ व्होल्टची आणि ठिणगीचा क्रम १-२-४-३. हिचे टायमिंग लावण्याची सोय मोठी सुटसुटीत आहे. इंजिनाच्या पुढच्या झाकणात एक पिन आटे देऊन बसवलेली असते. ती काढून उलटी करावयाची आणि तिचे गोल टोक आत दाबून धरावयाचे. दुसऱ्याने हँडल अगदी सावकाश फिरवावे. कॅमशाफ्टच्या दातेरी चक्रातील छोटा खळगा समोर आला की पिन अलगद आत बसते. पहिला दट्ट्या माथ्यावर आल्याची ती खूण होय.

तत्पूर्वी पॉइंटमधील फट पातळ पट्टीने मोजून सुमारे २० हजारांश इंच ठेवलेली असावी. सुकाणूचक्राखालील ठिणगीचा खटका पूर्ण वर सारावा. मग डिस्ट्रिब्युटरच्या मधला स्क्रू सैल करून आतला कॅम असा फिरवावा की, रोटरचे टोक पहिल्या नळकांड्याच्या तारेसमोर यावे आणि पॉइंट नुकते उघडू लागावेत. तो नेमका क्षण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पॉइंटला लहानसा बल्ब जोडून स्विच चालू करतात. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. तेथेच स्क्रू आवळावा आणि पिन आठवणीने पूर्ववत बसवावी. ती आतच राहिली नि इंजिन फिरले, तर चक्राची धडगत नाही.

एवढ्याने काम संपत नाही. आजच्या गाड्यांत ठिणगी मागेपुढे करण्याचे काम संगणक करतो. ह्या गाडीत ते चालवणाऱ्याच्या हातात आहे. वेग वाढला की खटका खाली ओढावा, पावागडच्या चढावर इंजिन दमू लागले की थोडा वर न्यावा. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठकठकते. फार उशिरा पडली तर ते तापते आणि ओढ जाते. हँडल मारताना खटका वर नसेल, तर दट्ट्या उलटा फिरून हँडलाचा असा तडाखा बसतो की मनगट मोडावे. म्हणूनच जुने ड्रायव्हर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत आणि हँडल खालून वर ओढीत.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना सारे चाचा म्हणतात. बल्ब तेही लावतात, पण शेवटचा निवाडा कानावर सोडतात. खटका हलवीत इंजिनाचा सूर ऐकावयाचा, आणि हाताखालच्या पोराला एवढेच सांगावयाचे: “बेटा, पहले सुन।” आता त्यांची नजर अधू झाली आहे. नातू नव्या गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या कामात हे ऐकणे लागत नाही. दुसरीकडे एका परिचित घरातील आजोबांची फोर्ड दरवर्षी ट्रकवर चढवून मिरवावयास नेतात. रंग नवा आहे, पितळ लखलखते आहे. पण चालू करणारे कोणी नाही.

आपल्या जुन्या घराण्यांनी पागोट्या, पैठण्या, तानपुरे जपले. तानपुरा जपणे म्हणजे तो जुळवता येणे, हेही आपण जाणतो. मोटारीचे निराळे नाही. ज्यांच्या वाड्यात अशी गाडी उभी आहे, त्यांनी एका रविवारी चाचांसारख्या जाणत्यास सन्मानाने बोलवावे, आणि बल्ब धरावयास घरातल्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला उभे करावे. दोन तासांचे हे काम आहे. पुस्तकातली कृती पुढेही वाचता येईल. योग्य वेळी पडलेल्या ठिणगीचा आवाज कसा असतो, हे मात्र तो ओळखणारा शेजारी उभा असेतोवरच शिकता येते.