शिरोरेघ खाली का उतरली?

गंगापूरच्या बाजारपेठेतून तुम्ही कधी गेला असाल, तर माझ्या हातची एखादी पाटी तुम्ही वाचली असेल. ती लिहिणारा कोण, हे मात्र तुमच्या मनातही आले नसेल. त्यात तुमचा दोष नाही. लिहिणाऱ्याचे नाव कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात असते! मी पेंटर. वडीलही पेंटरच. किराणा, खानावळ, सायकल दुरुस्ती, बी-बियाणे. गावात जे जे विकले जाई, त्याचे नाव आमच्या घरातून रंगून जाई.

पुढे फ्लेक्स आला. ज्या पाटीला मी दोन दिवस घेई, ती शहरातून दोन तासांत छापून येऊ लागली, आणि तीही मालकाच्या हसऱ्या फोटोसकट. गिऱ्हाइकाने तरी काय करावे? मी ब्रश धुऊन डब्यात ठेवले, ते ठेवलेच.

गेल्या वर्षी आमच्या पेठेतील एका जुन्या किराणा दुकानाचा दर्शनी भाग पाडला, आणि त्यावरची वडिलांनी लिहिलेली पाटी भंगारात गेली. वडिलांच्या हातची गावातली ती शेवटची पाटी. मला कळेपर्यंत पत्रा वितळलाही असेल! दुकानदाराचा नातू भला. म्हणाला, "पेंटरकाका, नव्या दुकानावर तश्शीच पाटी करून द्या." त्याच्याजवळ एका वरातीचा फोटो होता. मागे पाटी दिसत होती. पण ‘किराणा व भुसार’ यातल्या ‘भुसार’वर नेमका बँडवाल्याचा कर्णा आलेला!

काम घेतले खरे, पण हात कोठे साथ देतो? पासष्टी उलटली. ब्रश उचलला की टोक थरथरते. एक काना ओढायला गेलो, तो ओढ्याच्या काठासारखा वाकडातिकडा झाला. त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

दिवाळीच्या सुटीत पुतणी आली. ती संभाजीनगरला चित्रकला शिकते. तिने सारे ऐकून घेतले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "काका, इथं हात थरथरला तरी रेघ थरथरत नाही."

मोटारीतून आलेले वळण

संगणकावर चित्र दोन तऱ्हांनी काढता येते. पहिल्या तऱ्हेत लाखो बारीक चौकटी रंगवायच्या. असे चित्र फार मोठे करू गेले, की चौकटी दिसू लागतात. दुसरी तऱ्हा व्हेक्टरची. यात रंगाचे कण साठवलेले नसतात, हिशेब साठवलेला असतो: येथे एक बिंदू, तेथे दुसरा, आणि मधली रेघ अमुक इतकी वाकलेली. म्हणून तेच अक्षर काड्यापेटीवर छापा की भिंतीवर, कड तितकीच स्वच्छ येते. प्रत्येक बिंदूला दोन बाजूंना दोन दांड्या फुटतात. दांडी ओढली की वळण वाकते, सोडली की थांबते.

गंमत अशी, की हे वळणाचे गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मले. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी ते १९५९ मध्ये मांडले, आणि साठीच्या दशकात रेनॉ कंपनीच्या पिएर बेझिये यांनी ते जगापुढे आणले. मोटारीची पाठ वाकवण्याची ही रीत १९८७ साली ‘इलस्ट्रेटर’ या प्रणालीतून चित्रकारांच्या हाती आली. पुतणीने मला दिली ती ‘इंकस्केप’. ही २००३ पासून आहे आणि फुकट मिळते. पेंटरला परवडेल अशीच! आपण संगणकावर वाचतो ती अक्षरेही अशाच बिंदूंची. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ टंक तुम्ही-आम्ही रोज वाचतो, तोही याच जातीचा.

माझा माऊस थरथरे; पण पुतणीने पडद्यावर जाळी लावून दिली होती. बिंदू आपोआप जाळीच्या कोपऱ्यावर जाऊन बसे. तीन दिवसांत पाटी उभी राहिली. लाल अक्षरे, पिवळी जमीन, निळी सावली. शिरोरेघ अशी सरळ, की जन्मात मला तशी साधली नव्हती.

आईचा निकाल

आई अठ्ठ्याऐंशीची. लॅपटॉप तिच्यापुढे धरला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे तुझ्या बापाचं नाही."

"का गं?"

"त्यांची ओळ शेवटाला खाली उतरायची. शिडी पुरत नव्हती. मग तिथूनच हात लांबवून लिहायचे. मीच धरायची ना शिडी! आणि रंग असा काचेसारखा नव्हता."

मी फोटो पुन्हा पाहिला. शेवट कर्ण्याखाली झाकलेला! जे फोटोत नव्हते, ते आईच्या तळहातांत होते.

खरखर कोठून आणावी?

पुतणी म्हणाली, "काका, याला टेक्श्चर द्यावं लागेल." टेक्श्चर म्हणजे पोत, खरखर. तयार पोत विकतही मिळतात: कोणा परक्या शहरातल्या भिंतींचे ओरखडे, कोणा अनोळखी कागदाचे डाग. एक लावून पाहिला. पाटी जुनी दिसली, पण आमची दिसेना.

मला वारली चित्रे आठवली. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणूस, वर वर्तुळ ठेवले की डोके. याहून सोपे आकार संगणकही देणार नाही. तरी ती माणसे नाचतात; कारण खाली शेणा-गेरूची भिंत असते आणि वर बांबूच्या काडीने ओढलेली तांदळाच्या पिठाची रेघ. आकार कोणालाही काढता येतो. भिंत मात्र ज्याची त्याची असते. वडील दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांवरची चित्रे भिंतीला चिकटवून ठेवत. मुळगावकरांनी फवाऱ्याने दिलेली छाया बोटाने दाखवत म्हणत, "बघ, रंग कसा श्वास घेतो!"

मग मी डब्यातले ब्रश काढले. वडिलांचा चपटा ब्रश काळ्या रंगात बुडवला, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा केला आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओढला. केसांच्या रेषा सुटत गेल्या. येथे थरथर आड आली नाही. उलट कामाला आली! गोणपाटाचा ठसा घेतला. परसातल्या गंजक्या पत्र्याचा मोबाईलवर फोटो काढला. त्यातला काळा भाग तेवढा निवडून संगणकाने त्याचाच व्हेक्टर आकार करून दिला. तो अक्षरावर ठेवायचा, अक्षराच्या कडेबाहेरचा झाकून टाकायचा आणि अक्षराहून किंचित गडद रंग द्यायचा. बिंदू इतके झाले, की बिचारा लॅपटॉप धापा टाकू लागला! पहिल्यांदा मी हौसेने साऱ्या पाटीवर खरखर पसरली, तर अक्षरेच वाचता येईनात. मग कळले, की जेथे ऊन-पाऊस लागतो तेथेच ती हवी: खालची कड, खिळ्यांभोवती, सावलीच्या बाजूला.

शेवटी ‘भुसार’चे बिंदू जाळीतून सोडवले आणि एकेक करून खाली ओढले. आयुष्यभर दोरी मारून ओळ सरळ ठेवणारा मी, वडिलांची ओळ वाकडी करताना हात जोडावेसे वाटले.

पुन्हा आईला दाखवले. ती काही बोलली नाही. पडद्यावरून बोट फिरवत ‘र’पर्यंत गेली आणि म्हणाली, "इथं मी ओरडायची, पडाल म्हणून."

पाटी आता दुकानावर लागली आहे. कशावर छापली, विचाराल? फ्लेक्सवर! नातवाच्या खिशाला तेच परवडत होते. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात वडिलांचे नाव आहे. व्हेक्टर असल्यामुळे ते हत्तीएवढेही करता आले असते. पण तसे केले असते, तर आई पुन्हा म्हणाली असती, "हे तुझ्या बापाचं नाही."