कबड्डीतील राखीव क्षेत्र : पंचनिर्णयाचा एक प्रश्न

नियमभाषेतील एकच संज्ञा दोन अवस्थांत दोन अर्थ धारण करते, याचे उदाहरण म्हणजे कबड्डीतील राखीव क्षेत्र. कडेची ही एक मीटर रुंदीची पट्टी झटापटीपूर्वी क्रीडांगणाबाहेरची मानली जाते. झटापट सुरू होताच ती क्रीडांगणाचा भाग ठरते. म्हणून पाय कोठे पडला, यापूर्वी स्पर्श झाला काय, हे पंचाने ठरविले पाहिजे.

२०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असता पवन सेहरावत स्पर्शावाचून राखीव क्षेत्रात गेला. मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. बाद कोण, एकटा चढाईपटू की सारेच? जुन्या व नव्या नियमांची उत्तरे भिन्न होती. खेळ दीर्घकाळ थांबला; अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. तात्पर्य, कोणता नियमपाठ लागू आहे, याचा निर्णय सामन्यापूर्वीच व्हावयास हवा. मग मैदान हांगचौचे असो वा मलकापूरचे.