वारीची वाट आणि खोटे माप

आषाढीस पंढरीत येणारा प्रत्येक भाविक आता पायीच येतो असे नाही. मराठवाडा, कर्नाटक येथून मंडळी जीप-टेम्पो भरून येतात. परगावचे गिऱ्हाईक जाब विचारावयास परतणार नाही, हे लबाड पंपवाल्यास पक्के ठाऊक असते. पाचशेचे तेल मागितले की दोनशेवर थांबावयाचे, ‘ऐकण्यात चूक झाली’ म्हणावयाचे आणि यंत्र शून्यावर न आणता आकडा तीनशेवर नेऊन थांबवावयाचा. गिऱ्हाईक पाचशे मोजते, टाकीत तीनशेचेच पडते!

2017 साली तर उत्तर प्रदेशात यंत्राच्या पोटात दडविलेल्या चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील पंपांवर छापे घातले. आकडा पूर्ण, तेल अपुरे.

हे पाप जुनेच. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांवर पौतवाध्यक्ष नेमला आणि दर चार महिन्यांनी मापे तपासून मुद्रांकित करावयास सांगितले. मनुस्मृतीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. (चातुर्मासाच्या आरंभीच अशी तपासणी झाली तर किती बरे!)

आज पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले 5 लिटरचे माप असते. शंका आल्यास ते भरून दाखविण्यास कोणीही सांगू शकतो. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचीच तूट क्षम्य धरतात. आमची माळकरी मंडळी मात्र देवाच्या वाटेवर वाद नको म्हणून गप्प बसतात. त्यांनी ते माप अवश्य मागावे, पावती घ्यावी, आणि शून्य दिसल्याखेरीज नळी टाकीत घालू देऊ नये.