चक्रीवादळ: बागेची तयारी आणि आप्तांची काळजी

दिनांक १२ डिसेंबर २०१६ रोजी दुपारी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. गिंडी राष्ट्रीय उद्यान व वंडलूर प्राणिसंग्रहालयातील वृक्षसंपदेचीही मोठी हानी झाली. वीज गेली, भ्रमणध्वनी सेवा कोलमडली, विमानतळ बंद ठेवावा लागला. संपर्क तुटल्याने दूर राहणारे आप्त चिंतेत पडले.

हाच अनुभव ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने कोकणाला दिला. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत नारळ-सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या. वीज व दूरध्वनी बंद पडल्याने मुंबईतील चाकरमान्यांना गावाकडील आई-वडिलांची खुशाली कळेना. सुपारी पुन्हा लावून उत्पन्न येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे एका दिवसाचे नुकसान घराला दीर्घकाळ सोसावे लागते.

टॉर्नेडोचा तडाखा अरुंद पट्ट्यात, बहुधा काही मिनिटांचा असतो. चक्रीवादळ मात्र विस्तीर्ण प्रदेशाला कित्येक तास झोडपते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. वादळाचा ‘डोळा’ माथ्यावरून जाताना वारा पडतो आणि नंतर उलट दिशेने सुटतो. पहिल्या झोताने मुळे सैल झालेली झाडे दुसऱ्या झोतात कोसळतात. या शांततेत घराबाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

भारतीय हवामान विभाग किनाऱ्यावरील संभाव्य प्रतिकूल हवामानाच्या किमान ४८ तास आधी सतर्कतेचा व २४ तास आधी धोक्याचा इशारा देतो. हा अवधी पुढील कामांसाठी वापरावा:

• तयार नारळ व फळे उतरवावीत. केळीला आधार द्यावा.
• कापणी झालेले पीक सुरक्षित स्थळी हलवावे. शेतातील चर मोकळे करावेत.
• जनावरे पक्क्या गोठ्यात न्यावीत. मोडकळीस आलेल्या गोठ्यात बांधून ठेवू नयेत.
• विमा उतरवला असल्यास, कापून शेतात सुकवत ठेवलेल्या पिकाच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील एकट्या वृद्धांची यादी, त्यांच्या परगावच्या नातलगांच्या क्रमांकांसह, आधीच कागदावर लिहून ठेवावी. संपर्क पूर्ववत होताच दिलेला एक निरोप त्या कुटुंबांची मोठी चिंता दूर करतो.